आजीच्या डब्यातला रुपया: जुन्या नाण्या-नोटांचा खरा भाव कसा कळतो

'तुमच्याकडे ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट आहे का? घरबसल्या लाखो रुपये मिळवा.' हा मजकूर मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. कधी ट्रॅक्टरच्या जागी वैष्णोदेवीचं नाणं येतं, कधी 786 आकडा असलेली नोट. मी बरीच वर्षं नाणी जमवतो, त्यामुळे असा मजकूर फिरला की ओळखीतलं कोणी ना कोणी स्टीलचा डबा घेऊन घरी येतं. डब्यात राणीछाप रुपये, भोकाचे पैसे, दोन-तीन शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), चुरगळलेल्या एक रुपयाच्या नोटा. प्रश्न एकच: 'बघा हो, यांचं किती येईल?'

या मजकुरांमागे फसवणुकीचा धंदा उभा राहिला, म्हणून रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही, त्यासाठी बँक कोणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. फसवणुकीची रीत ठरलेली आहे. तुम्ही नाण्याचा फोटो टाकता, समोरचा चार लाख देऊ करतो, मग 'नोंदणी फी', 'जीएसटी', 'रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र' अशा नावांनी तुमच्याकडूनच पैसे मागत राहतो. घेणारा माणूस देणाऱ्याकडेच पैसे मागू लागला की तिथेच फोन ठेवावा. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. तासाभराचा उशीरही महागात पडतो.

पण मूळ प्रश्न खराच आहे. डब्यातल्या वस्तूला भाव असतो, आणि तो काढता येतो.

## एकाच नाण्याच्या तीन किमती

पहिली दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यावर छापलेली. दुसरी धातूची, म्हणजे वितळवलं तर हाती येणारी. तिसरी संग्राहकाची, म्हणजे ते नाणं आपल्याकडे असावं म्हणून कोणी आनंदाने मोजेल ती. घोटाळा होतो तो या तिन्ही एकमेकींत मिसळल्यामुळे.

ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट आजही चलनात आहे. ती अमाप छापली गेली, घराघरांत पडून आहे. तिची किंमत पाच रुपये. कोरी करकरीत असेल तर एखादा हौशी माणूस थोडे जास्त देईल, इतकंच.

धातूची किंमत काढायला साधी त्रैराशिकं पुरतात. 1835 पासून 1939 सालापर्यंत ब्रिटिश अमलातला रुपया 11.66 ग्रॅमचा होता आणि त्यात 91.7 टक्के चांदी होती, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम. चांदीचा भाव ग्रॅमला 100 रुपये धरला तर नुसत्या चांदीचेच जवळपास 1,070 रुपये होतात. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव घालून हिशेब करा. 1940 ते 1945 सालांच्या रुपयाचं वजन तेच, पण युद्धाच्या ओढाताणीत चांदी निम्म्यावर आणली गेली, म्हणजे 5.83 ग्रॅम. 1947 च्या रुपयात चांदी अजिबात नाही, तो निकेलचा. मागे वाघाचं चित्र असलेला 1947 चा रुपया घेऊन लोक मोठ्या आशेने सराफाकडे जातात आणि हिरमुसून परत येतात, ते यामुळे.

स्वातंत्र्यानंतरही काही स्मारक नाण्यांत चांदी आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं 1969 चं दहा रुपयांचं नाणं 15 ग्रॅमचं आहे आणि त्यात 80 टक्के चांदी आहे. त्याच प्रसंगाचा एक रुपया मात्र निकेलचा.

चांदीच्या नाण्याला धातूची किंमत तळ घालून देते, त्याखाली भाव जाऊ नये. त्यावर किती चढेल हे तिसरी किंमत ठरवते, आणि पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

## 'पण हे दोनशे वर्षं जुनं आहे!'

हे वाक्य मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं आहे. वयाने भाव वाढतो हा समज फार खोल रुजलेला आहे, आणि तो चुकीचा आहे.

आपल्या देशातली सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी, चांदीच्या तुकड्यांवर वेगवेगळे ठसे मारलेली. दोन हजार वर्षांहून जुनी. यातले सर्वसाधारण प्रकार आजही मध्यमवर्गीय माणूस सहज घेऊ शकतो, कारण ती फार मोठ्या संख्येने सापडली आहेत. सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची (तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रधातूची) झिजलेली नाणी तर त्याहूनही स्वस्त. उलट 1939 सालचा जॉर्ज सहाव्याचा चांदीचा रुपया, वय शंभरसुद्धा नाही, संग्राहकांना स्वप्नात दिसतो. चांदीचं जुनं प्रमाण असलेला तो शेवटचा रुपया, आणि लोकांच्या हाती फार थोडे उरले.

म्हणून 'किती जुनं?' हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि दोन प्रश्न विचारायचे: आज अशी किती उरली आहेत? आणि ती किती जणांना हवी आहेत? शाळेतल्या वर्गाचा फोटो जगात चाळीसच प्रती असलेला असतो, पण त्या चाळीस जणांखेरीज तो कोणालाच नको असतो. नुसत्या दुर्मीळपणाला भाव नाही, मागणी नसेल तर काहीच नाही.

'किती पाडली' आणि 'किती उरली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, चित्र सुधारून 1912 चा रुपया आला, आणि आधीच्यातले बहुतेक टांकसाळीने वितळवून टाकले. आजही त्या सालाला शेजारच्या सालांपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. भोकाचा पैसा याच्या अगदी उलट. 1943 ते 1947 या काळात तांबं वाचवायला मधोमध भोक पाडलेला पैसा आला. दिसायला किती गोड! पण तो कोट्यवधींनी पाडला गेला आणि कोणी वितळवलाही नाही, म्हणून साधा नग अजून किरकोळीतच मिळतो.

शिवराईचंही असंच. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपती' हे वाचताना माझ्या अंगावर आजही शहारा येतो. पण तांब्याची शिवराई महाराजांच्या नंतरही दीडशे वर्षं, पेशवाईत आणि तिच्यानंतरही पाडली जात होती. डब्यात निघते ती बहुतेक वेळा ही उत्तरकालीन, दुदांडी (अक्षरांच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेली) शिवराई. साध्या स्थितीतल्या नाण्याला काही शे रुपयांच्या आतबाहेर भाव. अक्षरांची घडण जुनी असेल, ठसा पूर्ण उमटलेला असेल, तर मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नये.

## अवस्था: इथे भाव दसपट होतो

समान साल, समान टांकसाळ, तरी एक रुपया चांदीच्या भावात आणि दुसरा त्याच्या कितीतरी पट. फरक अवस्थेचा. राणीच्या मुकुटावरची नक्षी, कपाळावरचे केस, झग्यावरची वेलबुट्टी ही नाण्याची उंच जागा, आणि वापरात आधी तीच झिजते. नाणं तिरकं धरून उजेडात बघा. नक्षीच्या रेघा सुट्या दिसतात की सपाट झाल्या आहेत, यावरून अर्धा अंदाज येतो.

संग्राहक ही अवस्था इंग्रजी अक्षरांत सांगतात: 'फाईन' म्हणजे झिजलेलं पण सगळं ओळखू येणारं, 'व्हीएफ' त्याहून बरं, 'एक्सएफ' म्हणजे किंचित वापरलेलं, 'यूएनसी' म्हणजे न वापरलेलं. विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने 1949 मध्ये 1 ते 70 अशी गुणपट्टी मांडली. आज ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या हीच पट्टी वापरून नाणं प्लॅस्टिकच्या बंद डबीत देतात. त्याला खर्च येतो. दोन हजारांच्या नाण्यासाठी तो करण्यात अर्थ नाही.

आणि आता हात जोडून एक विनंती: नाणं घासू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काही लावू नका. दाखवायला आणण्याआधी लोक मोठ्या प्रेमाने नाणी लख्ख करून आणतात आणि मला वाईट वाटतं, कारण भाव तिथेच निम्म्यावर आलेला असतो. चांदीवरचा काळपट, निळसर थर वर्षानुवर्षांच्या हवेने तयार झालेला असतो. तो खालचा पृष्ठभाग सांभाळतो आणि नाणं अस्सल असल्याची साक्षही देतो. घासलं की त्यावर हजारो बारीक ओरखडे पडतात, ते पुन्हा जात नाहीत. जुनी पैठणी कोणी वॉशिंग मशीनमध्ये टाकत नाही, तसंच हे. कडी जोडून गळ्यात घातलेल्या राणीछाप रुपयाचीही हीच गत: टाक्याची खूण राहिली की तो दागिना झाला, संग्राहकाच्या कामाचा राहिला नाही.

## हातातलं नाणं ओळखायचं कसं

साल बघा, पण सालावर पूर्ण विसंबू नका. 1862 चा व्हिक्टोरिया रुपया याचं नामी उदाहरण. ते साल तसंच ठेवून टांकसाळींनी पुढे दहा-बारा वर्षं रुपये पाडले, आणि मुंबईच्या नाण्यांवर बारीक ठिपके घालून खरं साल सुचवलं. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन '1862', पण ठिपक्यांच्या मांडणीनुसार एक नेहमीचा आणि दुसरा विरळ. भिंग हवंच, दहापट मोठं दाखवणारं.

टांकसाळीची खूण आजच्या नाण्यांवर सालाच्या खाली असते. मुंबईची पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची काहीच नाही. एकाच सालात एका टांकसाळीने लाखो आणि दुसरीने थोडीच पाडली, असं होतं. म्हणून 'हे 1985 चं नाणं कितीचं?' या प्रश्नाला खूण पाहिल्याशिवाय उत्तर नाही. त्या वर्षी तर काही रुपये ब्रिटनमध्येही पाडून घेतले होते.

मग वजन. शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो. रुपया 11.66 च्या आसपास हवा, झिजला असेल तर थोडा कमी. जास्त भरला तर संशय घ्यावा. चुंबक लावा: चांदीला चिकटता कामा नये. निकेलचा 1947 चा रुपया मात्र चिकटतोच, त्यात खोट नाही. 1940 नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाच्या कडेवर मधोमध बारीक खाच असते, बनावट नाणी पाडणाऱ्यांना अडवण्यासाठी घातलेली.

आणखी खात्री हवी असेल तर एक छान प्रयोग आहे. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. 1939 पर्यंतच्या रुपयाला पाण्यात साधारण 1.13 भरायला हवेत, म्हणजे भागाकार 10.3 च्या जवळ. पितळेवर किंवा तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर तो 9 च्या आत राहतो. नाणं नंतर टिपून कोरडं करा, पुसू नका. सराफाकडे जाणार असाल तर कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. कॅरेटोमीटर (धातूची शुद्धता मोजणारं यंत्र) असलेल्या दुकानात ओरखडा न काढता तपासून मिळतं.

## नोटांचं गणित वेगळं

नोटेला धातूचा तळ नाही. कागद, सही, आकडा आणि अवस्था, एवढंच.

अवस्थेत घडी सर्वांत निर्णायक. एक हलकी घडी पडली की 'न वापरलेली' हा दर्जा गेला. टाचणीच्या भोकांचं मात्र थोडं वेगळं आहे: बँका पूर्वी गड्ड्यांना स्टेपल मारत, त्यामुळे जुन्या कोऱ्या नोटांनाही कडेला भोकं असतात आणि संग्राहक ती समजून घेतात. नोटेला इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका.

सहीची गोष्ट मला फार आवडते. रिझर्व्ह बँक 1935 मध्ये सुरू झाली, पण पहिल्या नोटा 1938 च्या. त्यामुळे पहिले गव्हर्नर ऑस्बॉर्न स्मिथ यांच्या सहीची एकही नोट नाही, सुरुवात जेम्स टेलर यांच्यापासून. चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या सहीची नोट मराठी घरात जिवापाड जपलेली असते, तरी त्या बऱ्याच छापल्या गेल्या, म्हणून छोट्या मूल्यांच्या नोटांचा भाव आवाक्यातच राहतो. बी. एन. आडारकर 1970 मध्ये जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर होते, त्यांच्या सहीच्या नोटा शोधणारे मात्र पुष्कळ. नाव किती मोठं यापेक्षा ती सही किती नोटांवर आली याला भाव आहे. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही शोधू नका. ती भारत सरकारची नोट, तिच्यावर अर्थसचिवांची सही असते.

क्रमांकाआधी छोटी चांदणी दिसली तर ती छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली घातलेली नोट. 2006 मध्ये दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून ही पद्धत सुरू झाली. काही मालिकांतल्या चांदणीच्या नोटा खरंच कमी आहेत, सगळ्या नाहीत. 786, 000001, 777777 अशा आकड्यांना श्रद्धेपोटी किंवा हौसेपोटी जास्त पैसे मिळतात. पण 786 हे तीन आकडे कुठेतरी असलेल्या नोटा असंख्य आहेत, त्यामुळे मळक्या दहाच्या नोटेवर लाखांची स्वप्नं बांधू नयेत.

## भाव नेमका कुठे बघायचा

घर विकताना आपण जाहिरातीतला आकडा धरतो की शेजारच्या घराच्या खरेदीखतातला? नाण्याचंही तेच. संकेतस्थळांवर कोणीही आपल्या नाण्यापुढे पाच लाख लिहू शकतो, ती त्याची इच्छा झाली. बघायचं ते 'विकलं गेलं' असं नोंदलेलं. मुंबई, बेंगळुरू, अहमदाबाद इथल्या नाण्यांच्या लिलावगृहांचे जुने निकाल फोटोसह खुले असतात. आपलं साल, टांकसाळ, प्रकार शोधा, आपल्यासारख्याच अवस्थेचे चार-पाच निकाल काढा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून मधले धरा. छापील सूचीचा उपयोग प्रकार ओळखायला होतो, भाव मात्र तिथे लवकर शिळे होतात.

नाणी-नोटांची प्रदर्शनं मोठ्या शहरांत भरतात. एका टेबलावर न थांबता चार टेबलांवर दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे. तिथे कोणी तुमच्या रुपयाचा भाव सांगणार नाही, पण अस्सल नाणी काचेआड तासभर बघितली की डोळा तयार होतो.

## 'दुकानदार निम्म्या भावात मागतो, म्हणजे फसवतोच ना?'

नेहमीच नाही. लिलावात दहा हजारांना गेलेलं नाणं घेणाऱ्याला वरची फी आणि कर धरून बरंच महाग पडतं, आणि विकणाऱ्याच्या हाती कमिशन वजा जाऊन नऊच्या आसपास येतात, तेही काही महिन्यांनी. दुकानदार आज रोख देतो, नाणं वर्षभर पडून राहण्याचा धोका घेतो. महागड्या नाण्याला विकत्या भावाच्या साठ-सत्तर टक्के मिळाले तर ते रास्त मानतो मी. साध्या नाण्याला त्याहून कमी येतं. चांदीच्या भावापेक्षा कमी देऊ केले तर मात्र सरळ उठावं.

## 'मग लाखांच्या बातम्या खोट्या?'

त्याही नाहीत. राज्याभिषेकाचा शिवकालीन सोन्याचा होन, 1939 चा अस्सल रुपया, मोठ्या मूल्यांच्या ब्रिटिशकालीन नोटा लाखांत जातात. पण तेवढ्याचमुळे त्यांच्या नकलाही ढिगाने आहेत. 1938 मधल्या आठचा नऊ केलेले रुपये मी स्वतः हाताळले आहेत, भिंगाखाली आकड्याभोवतीची खरड दिसते. बाजारात सहज मिळणारा होन बनावटच समजावा.

एका वर्गाला तर किंमत नाहीच. 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असं लिहिलेली, राम-सीता, हनुमान किंवा कमळ असलेली तांब्याची नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. ते अलीकडचे टोकन आहेत. आणि तांदूळ ओढून घेणारं 'चमत्कारी' नाणं हा निव्वळ लुटीचा प्रकार: तांदळात लोखंडाचा अंश मिसळलेला असतो, खाली चुंबक. यात शेतकरी, निवृत्त माणसं आयुष्याची पुंजी घालवून बसली आहेत.

'चुकीच्या छपाईचं' म्हणून जे आणतात त्यातलं बहुतेक नंतर हातोडीने किंवा रेल्वेच्या रुळावर चेपलेलं असतं. खरी चूक टांकसाळीतच झालेली असते: ठसा एका बाजूला सरकलेला, किंवा एकाच बाजूचं चित्र मागे उलटं, खोलगट उमटलेलं.

## कायदा कुठे आडवा येतो

जुनी नाणी-नोटा जवळ बाळगणं आणि विकणं बेकायदा नाही, तीन अपवाद सोडून. 2016 मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा 2017 च्या कायद्यानुसार दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस. त्यापुढे दहा हजारांपर्यंत किंवा नोटांच्या मूल्याच्या पाचपट, यांत जे जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला कुरिअरने राणीछाप रुपया पाठवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिसरा अपवाद जमिनीत सापडलेल्या ऐवजाचा. नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं मडकं लागलं तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोकांना वाटतं, सरकार सगळं गिळेल. मूळ कायद्यात शोधणाऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे, आणि सरकारने ऐवज ठेवून घेतला तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देण्याची तरतूद आहे. तरी बहुतेक मडकी रातोरात सराफाच्या भट्टीत जातात. मडक्यात कोणती नाणी कोणत्या नाण्यांबरोबर होती, यावरून कोणता राजा कोणाच्या आधीचा, व्यापाराची वाट कुठून जात होती, गाव कोणत्या काळात संकटात सापडलं, हे सगळं वाचता येतं. भट्टीतून फक्त चांदी बाहेर येते.